चुंबकीय पात्रातील खळबळ

सूर्याच्या गर्भात हायड्रोजनची अणुकेंद्रे एकत्र येऊन हेलियम बनतो व अपार ऊर्जा मुक्त होते. पृथ्वीवर अशीच क्रिया घडवून आणावयाची, तर ड्यूटेरियम व ट्रिटियम यांचे मिश्रण दहा कोटी अंशांहून अधिक तापवावे लागते. तेव्हा अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होऊन प्लाझ्मा ही विद्युत्‌भारित अवस्था निर्माण होते. कोणत्याही धातूचे भांडे तिला धारण करू शकत नाही. म्हणून तिला कड्याच्या आकाराच्या चुंबकीय क्षेत्रात कोंडतात. अशा यंत्रांपैकी टोकामाक हे प्रमुख होय.

परंतु हे पात्र गळके असते. भारित कण चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेतो आणि दुसऱ्या कणाशी टक्कर झाली तरच थोडा बाजूस सरकतो. या हिशेबाने क्षेत्र दुप्पट केले असता गळती चौथाईवर यावयास हवी. डेव्हिड बोम यांच्या १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूत्रानुसार मात्र ती केवळ निम्म्यावर येते. १९६८ साली मॉस्को येथील टी-३ टोकामाकने या सूत्राहून पुष्कळच चांगले फळ दाखविले व आशा पल्लवित झाली. तरीही टकरींच्या हिशेबापेक्षा उष्णता अधिक वेगाने निसटतच होती.

याचे कारण काय? चुलीवरील पाण्याचा तळ तापला की पाणी स्वस्थ राहत नाही. ते वरखाली फिरू लागते. प्लाझ्माचा मध्य अतितप्त आणि कडा त्यामानाने थंड. या तफावतीतून सूक्ष्म लहरी उठतात, त्यांचे भोवरे बनतात आणि ते उष्णता बाहेर वाहून नेतात.

हे भोवरे गणिताने मांडणे दुष्कर, कारण अणुकेंद्र सेकंदास कोट्यवधी गिरक्या घेते. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी शास्त्रज्ञांनी प्रत्येक गिरकी न मोजता, फिरत्या कणाच्या जागी एक भारित वलय कल्पून समीकरणे सोपी केली. त्यांच्या आधारे प्रिन्स्टन येथील झीहाँग लिन व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये महासंगणकावर खळबळीचे अनुकरण केले. तेव्हा दिसले, की भोवरेच आपल्या शक्तीतून पट्ट्यापट्ट्यांचे प्रवाह निर्माण करतात, आणि ते प्रवाह उलट भोवऱ्यांनाच फाडून गळती कमी करतात. गुरू ग्रहावरील पट्टे याच जातीचे होत. जपानमधील एका यंत्रात २००४ साली असे प्रवाह प्रत्यक्ष मोजण्यात आले.

या ज्ञानाचे मोल व्यावहारिक आहे. उष्णता जितकी अधिक काळ टिकेल, तितकी भट्टी लहान व स्वस्त करता येईल. फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या ‘इटर’ या प्रचंड यंत्रात भारतही भागीदार आहे. त्याचे यश बऱ्याच अंशी या सूक्ष्म भोवऱ्यांच्या नियमनावर अवलंबून राहील.