मोठा मूतखडा आणि आघातलहरींचा उपचार

मूतखडा पोट न उघडता, बाहेरून सोडलेल्या आघातलहरींनी फोडण्याच्या उपचाराला लिथोट्रिप्सी म्हणतात. माणसावर तो पहिल्यांदा ७ फेब्रुवारी १९८० रोजी जर्मनीतल्या म्युनिक शहरात झाला. यंत्र बनवले होते डॉर्निअर या विमाने बांधणाऱ्या कंपनीने. वेगवान विमानावर पावसाचा थेंब आदळला की धातूत काय घडते, याच्या अभ्यासातून ही वाट निघाली. क्रिस्तियान शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती रुग्णापर्यंत आणली.

तेव्हा रुग्णाला पाण्याच्या टबात उतरवावे लागे. आता टेबलावर झोपवून, पाण्याने भरलेली लवचीक उशी जेल लावून कमरेला टेकवतात. पाण्यातून लहर शरीरात सहज शिरते, पण मध्ये हवेचा बुडबुडा आला की तिथेच अडते. म्हणून जेल नीट लावणे हे वाटते तितके किरकोळ काम नाही. एक्स-रे किंवा सोनोग्राफीवर खडा पाहून लहरी नेमक्या त्यावर एकवटतात. मिनिटाला साठ ते नव्वद या गतीने दोन-तीन हजार ठोके बसतात. घाई केली तर खडा उलट कमी फुटतो.

खरी अडचण फोडण्यात नाही, चुरा बाहेर पडण्यात आहे. हे काम यंत्र करत नाही. ते जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या मूत्रवाहिनीला करावे लागते. खडा मोठा असेल तर तुकडे तिथे एकामागे एक अडकून रांग लागते. लघवी तुंबते, कळा येतात. त्यात जंतुसंसर्ग झाला तर जिवावर बेतू शकते. हे टाळायला मोठ्या खड्याच्या रुग्णाला बरेचदा आधी डी.जे. स्टेंट, म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणारी बारीक नळी, घालतात. तरीही एका बैठकीत काम होईलच असे नाही.

म्हणूनच दोन सेंटीमीटरपेक्षा मोठ्या खड्याला आज सहसा पीसीएनएल, म्हणजे पाठीतून छोटे छिद्र पाडून दुर्बिणीने खडा काढणे, हाच पहिला पर्याय ठरतो. मूत्रपिंडाच्या तळच्या कप्प्यातला खडा आणखी लहान असला तरी त्याचा चुरा वर चढून सहजी बाहेर पडत नाही. सिस्टीन या पदार्थाचे खडे तर लहरींना फारशी दाद देत नाहीत. सीटी स्कॅनवर घनता हजार एककांच्या वर दिसली, तरी यशाची शक्यता घटते. ‘ऑपरेशन नको, मशीनने फोडा’ असा आग्रह धरण्यापूर्वी हा रिपोर्ट डॉक्टरांकडून समजून घेतलेला बरा.

गरोदरपणात, रक्त न गोठण्याच्या विकारात आणि लघवीत संसर्ग असताना हा उपचार करत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना आधीच सांगावी. उपचारानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, त्याने घाबरू नये. थंडी वाजून ताप आला तर मात्र लगेच रुग्णालय गाठावे. स्टेंट घातला असेल तर तो काढण्याची तारीख लिहून ठेवावी. विसरलेल्या स्टेंटवर नवे खडे चढतात.