लडाखांतील पेरणीची घटका

महाराष्ट्रांतील शेतकरी मृग नक्षत्राकडे डोळे लावून बसतो. जून महिन्याच्या सातव्या तारखेच्या सुमारास मृग लागतें, पाऊस पडतो, जमिनीला वाफसा येतो आणि घात साधली कीं पेरणी होते. एखादे वर्षीं पावसानें ओढ दिली व पेरणी पंधरा दिवस लांबली तर शेतकऱ्याच्या जिवाला घोर लागतो हें खरें; परंतु खरीप हातचा गेला तरी रबी उरतो, आणि विहिरीला पाणी असल्यास उन्हाळी भाजीपालाही निघतो. येथील जमीन बाराही महिने कांहीं ना कांहीं पिकविण्यास तयार असते. उणीव असते ती पाण्याची. पण ज्या प्रदेशांत वर्षांतून कित्येक महिने जमीनच दगडासारखी गोठून जाते आणि पिकाच्या वांट्याला अवघे चार-पांच महिने येतात, तेथें पंधरा दिवसांची चूक ही सबंध वर्षाची चूक ठरते. असा प्रदेश आपल्याच देशांत, अगदीं उत्तरेच्या टोंकास आहे. तो म्हणजे लडाख.

लेह हें लडाखचें मुख्य नगर समुद्रसपाटीपासून सुमारें ११,५०० फूट उंचीवर वसलेलें आहे. कळसूबाईच्या शिखरावर दुसरें कळसूबाई ठेवलें तरी ही उंची गांठली जावयाची नाहीं. पाऊस आणि बर्फ मिळून तेथें वर्षाकाठीं सरासरीनें चार इंचांच्या आसपास पाणी पडतें. महाबळेश्वरास ऐन पावसाळ्यांत एवढा पाऊस एका दिवसांतही पडून जातो. हिवाळ्यांत पारा शून्याखालीं वीस अंशांपर्यंत उतरतो. वस्तुतः श्रीनगर व लेह हीं दोन्हीं नगरें जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. मग एक हिरवेंगार आणि दुसरें उजाड कां, असा प्रश्न कोणाच्याही मनांत येईल. त्याचें उत्तर उंचींत आणि आडव्या पसरलेल्या हिमालयांत आहे. पावसाचे ढग हिमालयाच्या दक्षिण उतारावरच रिते होतात. उंचावरची हवा विरळ व कोरडी असल्यामुळें दिवसां ऊन प्रखर लागतें. पण सूर्य मावळतांच जमिनीची ऊब आकाशांत निघून जाते, कारण तिला अडवावयास ढगांचें पांघरूण नसतें.

पिकाचा शत्रू या उघड्या आकाशांतूनच उतरतो. निरभ्र व निवांत रात्रीं पानावरचें दंव गोठून त्याची पांढरी कणी बनते. यालाच दहिंवर म्हणतात. कडाका वाढला म्हणजे पानाच्या आंतील पाणीही गोठतें, त्यामुळें पेशी फाटतात, आणि सकाळीं ऊन लागतांच तेंच पान उकडल्यासारखें काळें पडून मान टाकतें. लेहच्या परिसरांत वसंतांतील शेवटच्या दहिंवराची धास्ती मे महिन्याच्या उत्तरार्धापर्यंत असते, आणि सप्टेंबर अर्धा सरला कीं शरदांतील पहिल्या दहिंवराची भीति सुरू होते. या दोन भिंतींच्या मधली जागा हाच तेथील शेतीचा काळ.

अशा ठिकाणीं पेरणीचा दिवस पुढून नव्हे, तर मागून मोजावा लागतो. उदाहरणार्थ, लागणीनंतर ९० दिवसांत तयार होणारा कोबी घ्या. हे ९० दिवस उबदार हवेचे असतात. थंड रात्रींमुळें वाढ मंदावते, म्हणून त्यांत आणखी पंधरा दिवस घालावे. २० सप्टेंबर ही काढणीची अखेर धरून १०५ दिवस मागें गेलें असतां जूनची ७ तारीख येते. त्यानंतर लावलेल्या रोपाचा गड्डा भरेलच, असा भरंवसा नाहीं. रोप तयार व्हावयास सहा आठवडे लागतात. म्हणजे एप्रिलच्या अखेरीस बीं वाफ्यांत पडलेंच पाहिजे. पण त्या वेळीं बाहेर रात्रीं पाणी गोठत असतें! म्हणून हा वाफा भिंतीच्या आडोशाला, दक्षिणेकडे तोंड करून, झांकणाखालीं करावा लागतो. दिवसां झांकण काढून ऊन द्यावयाचें आणि संध्याकाळीं पुन्हा घालावयाचें, अशी ही जोपासना असते.

तर मग सगळेंच लवकर पेरलें म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. पण निसर्गानें तीही वाट मोकळी ठेविलेली नाहीं. जमीन गार व ओली असली कीं घेवड्याचें बीं उगवण्याऐवजीं कुजतें. कोबी, नवलकोल यांचीं जून रोपें फार दिवस थंडींत राहिलीं, तर त्यांना हिवाळा होऊन गेल्याचा भास होतो आणि गड्डा न धरतां तीं एकदम फुलावर येतात. पालक आणि मुळा यांना लांबलेल्या दिवसाचीही चाहूल लागते. जूनमध्यें लेहचा दिवस साडेचौदा तासांच्या जवळ जातो, तेव्हां हीं पिकेंही तुऱ्यावर येण्यास उतावीळ होतात. म्हणून शहाणा माळी प्रत्येक भाजीचा स्वभाव पाहून तिला तिची पाळी देतो. वाटाणा, पालक, मुळा व सलगम हीं थोडें दहिंवर सोसणारीं पिकें आधीं. बटाट्याचा कोंब जमिनीखालीं सुरक्षित असतो, म्हणून तोही लवकर लावतां येतो. त्यामागून कोबी व फुलकोबी यांची लागण. टोमॅटो, काकडी, घेवडा आणि मिरची यांना दहिंवराचा स्पर्शही सोसवत नाहीं. त्यांचा मुहूर्त मे सरल्यावर.

पेरणीची ही वेळ गांवागांवांत वेगळी असते. सिंधु नदीच्या खालच्या अंगाला शाम नांवाचा जो टापू आहे, त्यांतील गांवें लेहपेक्षां सखल असल्यामुळें तेथें वसंत लवकर येतो. त्यांपैकीं कांहीं गांवांत सातू काढून त्याच शेतांत सलगम किंवा कुट्टूचें दुसरें पीक घेतां येतें. लेहला एक पीक पदरांत पडलें तरी समाधान. त्याहून वर, चांगथांगच्या १४,००० फुटांवरील पठारावर, शेतीपेक्षां मेंढ्या, बकऱ्या आणि याक यांवरच मनुष्याचा निर्वाह चालतो. फार काय, एकाच गांवांत उन्हाच्या बाजूचें शेत आणि डोंगराच्या सावलींतलें शेत यांच्या पेरणींत दिवसांचें अंतर पडतें.

हा हिशेब लडाखी माणसानें छापील पंचांगावरून केलेला नाहीं. कित्येक गांवांत सूर्य डोंगराच्या अमुक सुळक्यापाशीं किंवा कड्यावर रचलेल्या अमुक दगडी खुणेपाशीं आला म्हणजे पेरणीची वेळ झाली, असें पिढ्यान्‌पिढ्या मानीत आले. ओनपो म्हणजे गांवचा ज्योतिषी दिवस सांगतो, आणि पहिल्या नांगरणीचा विधि होऊन कामास प्रारंभ होतो. झांस्कर खोऱ्यांत तर याहून एक चतुर युक्ति आहे. तेथें शेतावर बर्फाचा थर उशिरापर्यंत राहतो. म्हणून शेतकरी शरद ऋतूंतच कोरडी माती घरांत भरून ठेवतात आणि वसंत लागतांच ती बर्फावर पसरतात. पांढरें बर्फ ऊन परतवून लावतें, काळी माती तें शोषून घेते. त्यामुळें बर्फ लवकर वितळून शेत आधीं मोकळें होतें. शाळेंतील पदार्थविज्ञानाचा हा धडा तेथील शेतकरी पुस्तकावांचून शिकला आहे.

येथवर ऊब आणि दहिंवर यांचा विचार झाला. परंतु लडाखांतील पेरणीची खरी अडचण पुढेंच आहे. तेथें पावसावर पीक येत नाहीं. कोरड्या रानाला आधीं पाणी द्यावें, वाफसा आला कीं नांगरावें आणि मग पेरावें, असा क्रम आहे. हें पाणी बर्फ व हिमनद्या वितळून ओढ्यांना येतें. हिमनद्या असतात १६,००० फुटांच्याही वर. तेथें ऊन तापून पाणी सुटावयास जून उजाडतो. उलट शेताला पाण्याची गरज असते एप्रिल-मे महिन्यांत. जमीन उबदार होते तेव्हां ओढा कोरडा, आणि ओढा भरून वाहूं लागतो तेव्हां पेरणीची घटका टळलेली! ऊब आणि पाणी यांची ही चुकामूक हेंच लडाखी शेतकऱ्याचें जुनें दुःख आहे. जें थोडें पाणी वसंतांत मिळतें त्याच्या पाळ्या लावण्यासाठीं गांव छुरपोन म्हणजे पाण्याचा कारभारी नेमतें. कोणाच्या शेताला कोणत्या दिवशीं आणि किती वेळ पाणी, हें तो ठरवितो, आणि त्याचा शब्द सारे मानतात. कारण एकाची पाळी चुकली तर त्याचें वर्ष चुकतें.

अलीकडे हें दुःख वाढलें आहे. हवामान तापत असल्यामुळें हिमनद्या मागें सरत आहेत, आणि हिवाळ्यांतील बर्फाचाही नेम राहिलेला नाहीं. सूर्य आपल्या खुणेवर ठरल्या दिवशीं येतो. पण पाणी ओढ्याला ठरल्या दिवशीं येत नाहीं. वडिलांनीं दाखविलेली खूण खोटी नव्हे. तिच्या जोडीदारानें तिची साथ सोडली आहे.

या चुकामुकीवर एक तोडगा लेह येथील स्थापत्य अभियंते चेवांग नोर्फेल यांनीं काढला. हिवाळ्यांत नळ फुटूं नये म्हणून तो थोडा उघडा ठेवण्याची तिकडे चाल आहे. अशा एका नळाचें वाहून गेलेलें पाणी झाडांच्या सावलींत थरावर थर गोठलेलें त्यांनीं पाहिलें, आणि त्यांतून त्यांना कल्पना सुचली. शरदाच्या अखेरीस व हिवाळ्यांत ओढ्याचें पाणी कोणाच्याच उपयोगी न पडतां वाहून जातें. तें पाटानें डोंगराच्या सावलींतील उतारावर वळवावयाचें, दगडी बांध घालून त्याचा वेग मोडावयाचा आणि त्याला पातळ पातळ थरांनीं गोठूं द्यावयाचें. ही कृत्रिम हिमनदी खऱ्या हिमनदीपेक्षां पुष्कळ खालीं, गांवाच्या जवळ असते. म्हणून ती आधीं, म्हणजे नेमकी पेरणीच्या वेळीं वितळते. असा पहिला प्रयोग त्यांनीं इ. स. १९८७ मध्यें फुकत्से गांवीं केला. इ. स. २०१५ मध्यें भारत सरकारनें त्यांना पद्मश्री देऊन गौरविलें. इ. स. २०१३ च्या हिवाळ्यांत सोनम वांगचुक यांनीं याच तत्त्वावर बर्फाचा स्तूप उभारून पाहिला. वरच्या अंगाचें पाणी नळानें खालीं आणलें कीं स्वतःच्याच दाबानें तें कारंज्यासारखें उंच उडतें आणि कडाक्याच्या थंडींत गोठून त्याचा शंकु बनतो. सपाट पसरलेल्या बर्फापेक्षां शंकूचें अंग उन्हाला कमी लागतें, त्यामुळें तें बर्फ अधिक दिवस टिकतें.

दुसरीकडून पेरणीचा काळच लांबविण्याचे प्रयत्न चालू आहेत. इ. स. १९६२ मध्यें लेह येथें संरक्षण खात्याची संशोधनशाळा सुरू झाली. उंचावरील सैनिकांना ताजी भाजी मिळावी हा तिचा एक हेतु होता. कमरेइतका खोल चर खणून त्यावर पारदर्शक कापड पसरावयाचें आणि आंत पालेभाजी करावयाची, ही साधी रीत शेतकऱ्यांनाही परवडते. दक्षिणेकडून ऊन आंत घेणारीं आणि बाकी तिन्ही बाजूंनीं जाड मातीच्या भिंती असलेलीं उबदार घरेंही गांवोगांव झालीं आहेत. दिवसां भिंत ऊन पिते, रात्रीं तें हळूहळू सोडते. त्यामुळें भर हिवाळ्यांतही आंत पालेभाजी हिरवी राहते, आणि कोबीचीं रोपें तर वेळेच्या आधींच तयार होतात.

या खटाटोपाचें मोल हिवाळ्यांत कळतें. बर्फानें घाट बंद झाले म्हणजे खालच्या मुलखांतून येणारी भाजी अडते, किंवा विमानानें येऊन महाग होते. तेव्हां घराघरांत जमिनीखालच्या खड्ड्यांतून बटाटे, गाजरें, मुळे, सलगम आणि कोबी बाहेर निघतात. मे महिन्यांत पेरणीची घटका साधली होती कीं चुकली होती, याचा निकाल जानेवारींत चुलीपाशीं लागतो.

लडाखच्या शेतकऱ्यापाशीं जमीन थोडी, पाणी थोडें आणि दिवसही थोडेच आहेत. त्यानें अनुभवानें जाणलें आहे कीं पेरणीची घटका केवळ आकाशांतून उतरत नाहीं. ऊब आणि पाणी यांची गांठ जेथें पडते, तेथें ती असते. ही गांठ पूर्वीं निसर्ग घालून देत असे. आतां माणसाला नोव्हेंबरांतच पाणी गोठवून ठेवून मे महिन्यासाठीं ती आपल्या हातांनीं बांधावी लागत आहे. महाराष्ट्रांतही मृगाचा पाऊस दगा देऊं लागला आहे. नक्षत्र कॅलेंडरवर वेळेवर येईल. पण वाफसा आहे कीं नाहीं हें शेतांत जाऊन, मूठभर माती हातांत घेऊनच पाहिलें पाहिजे.