होल्डन आणि पांडुरंग

जे. डी. सॅलिंजर यांची ‘द कॅचर इन द राय’ ही कादंबरी १९५१ची, भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ची. दोन्ही नायक आपली गोष्ट स्वतःच सांगतात, मोठ्यांच्या ढोंगाची टर उडवतात, शिक्षणात आपटतात. शाळेने काढून टाकलेला सॅलिंजरचा होल्डन न्यूयॉर्कमध्ये भटकतो. नेमाड्यांचा पांडुरंग सांगवीकर पुण्यात वडिलांचे पैसे उडवून खानदेशातल्या गावी परततो. खरं साम्य मात्र भावंडाच्या मृत्यूत आहे. होल्डनचा धाकटा भाऊ ॲली रक्ताच्या कर्करोगाने गेला; त्या रात्री होल्डनने गॅरेजच्या काचा मुठीने फोडल्या. पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, आणि त्याची थट्टेखोर भाषाच मोडून पडते. ही पानं मला सॅलिंजरहून जड वाटतात. होल्डनला निदान धाकट्या बहिणीपाशी, फीबीपाशी, मन मोकळं करता येतं. पांडुरंगच्या वाट्याला बापाशी उभा दावा आणि गावातला रिकामा वेळ.