काचपेटीची पाठ आणि विषाचा बागुलबुवा

घरात माशांची काचपेटी बाळगणाऱ्या गृहस्थाने तिच्या मागच्या काचेला बाहेरून काळा अथवा निळा रंग देण्याचा मनोदय नुसता बोलून दाखवावा, की शेजारी, नातलग आणि पुष्कळदा खुद्द मासे विकणारा दुकानदारही एकाच सुरात बजावतो, की रंगातले विष काचेतून पाझरून पाण्यात उतरेल आणि मासे मरतील. हा इशारा इतक्या वारंवार आणि इतक्या निःशंकपणे दिला जातो, की त्याची एकदा सांगोपांग शहानिशा करणे अगत्याचे झाले आहे.

काच म्हणजे माठाची माती नव्हे. माठाला सूक्ष्म छिद्रे असतात, म्हणून तो पाझरतो. वाळू, सोडा आणि चुना यांच्या वितळलेल्या रसातून घडलेली काच द्रवाला आरपार वाट देत नाही, आणि याच गुणामुळे प्रयोगशाळेत तीव्र नायट्रिक आम्लासारखा दाहक पदार्थ वर्षानुवर्षे काचेच्याच बाटलीत निर्धास्तपणे ठेवला जातो. जी भिंत आम्लाला ओलांडता येत नाही, ती वाळून घट्ट झालेला रंगाचा पातळ थर ओलांडतो असे ज्यांना म्हणायचे असेल, त्यांनी त्याचा दाखला द्यावा. ‘आमच्या ओळखीत असेच झाले’ ही साक्ष त्या कामी पुरेशी नाही.

त्या साक्षीतील मासे मेलेले असतात, हे मात्र खरे. चुकते ते आरोपीचे नाव. लोक टाकी रंगवतात ती बहुधा नवी आणतात तेव्हाच, आणि रंग वाळताच तीत पाणी भरून त्याच आठवड्यात मासे सोडतात. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया उत्पन्न होतो, आणि त्याचे प्रथम नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जिवाणू नव्या टाकीत पुरेसे रुजण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर न धरल्यामुळे जे मासे गुदमरून मरतात, त्यांच्या मृत्यूचे खापर, निव्वळ कालक्रमाच्या योगायोगाने, मागच्या काचेवरील निरपराध रंगावर फुटते. या एका चुकीच्या निदानापायी माणसे रंग खरवडतात, पुन्हा तसेच घाईने मासे आणतात आणि ते पुन्हा मरताना पाहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

धोका मुळीच नाही असे मात्र नव्हे. तो काचेतून न येता हवेतून येतो. भरलेल्या टाकीशेजारी तैलरंग किंवा फवाऱ्याचा रंग वापरला, तर खोलीत पसरलेल्या थिनरच्या वाफा हवेचा पंप ओढून घेतो आणि बुडबुड्यांवाटे थेट पाण्यात सोडतो. म्हणून टाकी रिकामी असतानाच, मोकळ्या हवेत, पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगाने काम उरकावे. काच आधी स्पिरिटने पुसावी, सिलिकॉनच्या सांध्यांवर चिकटपट्टी लावावी आणि स्पंजच्या रोलरने दोन-तीन पातळ हात देऊन प्रत्येक हात पुरता वाळू द्यावा. टाकी काचेची नसून ॲक्रिलिकची असेल, तर थिनर कटाक्षाने वर्ज्य. त्याने ती तडकते. आतल्या बाजूला साधा रंग कधीही लावू नये, कारण तेथे तो थेट पाण्यात भिजतो. शिशाची धास्ती वाटत असेल, तर 2016 साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनी घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपुरते मर्यादित केले आहे, हे ध्यानात घ्यावे.

रंगाने माशांचे अहित होत नाही, इतकेच नव्हे, तर हितही होते. उघड्या मागच्या काचेकडे मासा लंबाशी सुमारे 49 अंशांहून अधिक तिरका पाहतो, तेव्हा प्रकाशाचे पूर्ण परावर्तन होऊन तीच काच त्याला आरसा होते, आणि भांडकुदळ जातीचे मासे त्या प्रतिबिंबावर तुटून पडतात. काचेला एकजीव चिकटलेला गडद रंग तो प्रकाश शोषून घेतो. बाहेरून टाचलेल्या चित्राच्या कागदामागे हवेची फट उरत असल्यामुळे तो आरसा तसाच राहतो. शिवाय पार्श्वभूमीनुसार अंगकांती पालटणे हा कित्येक माशांचा स्वभावधर्मच आहे. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेचे प्राणिशास्त्रज्ञ फ्रान्सिस समनर यांनी 1934 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, आपल्याकडे डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरींत सोडतात तेच गॅम्बुझिया मासे काही काळ्या आणि काही पांढऱ्या हौदांत आठवडेच्या आठवडे ठेवून मग पेंग्विनपुढे सोडले होते. ज्यांची कांती हौदाशी विजोड होती, तेच अधिक प्रमाणात भक्ष्य झाले.

उरलेल्या समजुतींचा निकाल थोडक्यात लागतो.

‘काळ्या रंगाने पाणी तापते.’ टाकी थेट उन्हात असेल तर तापेल, आणि मग तिची जागाच चुकलेली आहे. 100 लिटर पाणी एका अंशाने तापवण्यास सुमारे 4.2 लाख जूल ऊर्जा लागते, ती घरातल्या दिव्याच्या उजेडात मागच्या काचेला मिळत नाही.

‘रंगामुळे शेवाळ थांबते.’ मागच्या खिडकीचा उजेड अडतो, तेवढाच लाभ. वरचा दिवा आणि पाण्यातील नायट्रेट-फॉस्फेट कायम असेल, तर शेवाळही कायम राहते.

‘एकदा दिलेला रंग निघत नाही.’ पाण्यात मिसळणारा रंग वाळल्यावरही पात्याने सालीसारखा सुटतो.

रंग कोणता द्यावा, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. परंतु मासे सोडण्यापूर्वी पाण्यातील अमोनिया तपासावा, यात आवडीनिवडीला जागा नाही. तपासणीचा संच बाजारात सहज मिळतो. रंगाच्या भीतीवर खर्ची पडणारी काळजी त्या एका तपासणीकडे वळवली, तर पुष्कळ माशांचे प्राण वाचतील.