मदत आणि मुदत

श्रीमंत राष्ट्रे गरीब देशांशी व्यापाराचे करार करतात, तेव्हा ‘मदत’, ‘सहकार्य’, ‘भागीदारी’ हे शब्द हमखास वापरले जातात. या शब्दांमागे काय असते, हे समजून घ्यायचे तर मॉरिशसच्या साखरेची हकिगत पाहावी.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी भारतातून हजारो हिंदू-मुसलमान मजूर या बेटावर उसाच्या मळ्यांत कामाला नेले. त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. १९६८ साली मॉरिशस स्वतंत्र झाला, तेव्हा विकायला साखरेशिवाय त्याच्याकडे फारसे काही नव्हते.

२८ फेब्रुवारी १९७५ रोजी टोगो देशाची राजधानी लोमे येथे युरोपीय समुदायाचे ९ देश आणि आफ्रिका, कॅरिबियन व पॅसिफिक भागांतले ४६ देश यांच्यात करार झाला. त्यानुसार युरोपने दरवर्षी सुमारे १३ लाख टन साखर हमी भावाने घेण्याचे कबूल केले. यातला सर्वांत मोठा वाटा, जवळजवळ ४ लाख ९० हजार टन, मॉरिशसला मिळाला. हा भाव बहुतेक वर्षे जागतिक बाजारापेक्षा खूपच जास्त होता.

मॉरिशसने या पैशाचे काय केले, हे महत्त्वाचे आहे. साखरेच्या निर्यातीवर सरकारने कर घेतला. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. मळेवाल्यांनी नफ्याचा काही भाग कापड गिरण्या आणि हॉटेलांत घातला. गिरण्यांत हजारो स्त्रियांना रोजगार मिळाला.

पुढे ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी युरोपच्या साखर धोरणाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. युरोपने २००६ पासून चार वर्षांत साखरेचा भाव ३६ टक्क्यांनी उतरवला आणि ३० सप्टेंबर २००९ रोजी जुनी हमी संपवली. नव्या करारांची रीतही बदलली. तुमचा माल आम्ही घेऊ, पण तुम्हीही आमच्या मालासाठी दार उघडा, अशी अट आली.

मॉरिशसला याची झळ लागलीच. कारखाने बंद झाले, हजारो लहान शेतकऱ्यांनी ऊस सोडला. पण देश कोसळला नाही. कच्च्या साखरेऐवजी शुद्ध पांढरी आणि खास प्रतीची साखर तयार होऊ लागली, चिपाडापासून वीज निर्माण झाली. काम सोडणाऱ्या मजुरांना रोख रकमेबरोबर जमिनीचा तुकडाही मिळाला.

कॅरिबियनमधल्या सेंट किट्स या बेटालाही हीच हमी होती. तिथे तीनशेहून अधिक वर्षे ऊस पिकत होता. त्या छोट्या बेटाचा साखरधंदा आधीच कर्जात बुडाला होता. २००५ च्या हंगामानंतर तो कायमचा बंद पडला.

भाव ठरवणारा युरोप, मोडणाराही युरोपच. ज्याला ‘भागीदारी’ म्हणतात, तिच्यात दुबळ्याच्या शब्दाला वजन नसेल तर ती मेहेरबानीच ठरते. म्हणून अशा कराराची बातमी वाचताना आपण दोन प्रश्न विचारावेत. ही सवलत किती वर्षांची आहे? आणि तोवर त्या देशातल्या मुलामुलींच्या हाती कोणते नवे काम येणार आहे?

घरातही हेच असते. भावाने धंद्याला पैसे दिले, तर ते संपण्याआधी दुकान स्वतःच्या पायावर उभे राहिले पाहिजे.