अंदाज मागताना आणि देताना

पावसाळा तोंडावर आला की पलसाणा परिसरात व्यवसाय करणाऱ्या आम्हा डॉक्टरांपुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो : यंदा लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण किती येतील? दक्षिण गुजरातमधील भात व उसाच्या शेतांत साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून हे जंतू मिसळतात आणि पायांवरील जखमांतून शरीरात शिरतात. लागणीपासून ताप येईपर्यंत बहुधा पाच ते चौदा दिवस जातात. म्हणजेच आजचा पाऊस पुढच्या पंधरवड्याची चाहूल देत असतो. औषधे, खाटा व तपासणीचे साहित्य यांची तजवीज या अंदाजावर करावी लागते. तो चुकल्यास किंमत शेतमजूर मोजतो.

अशा वेळी संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला जरूर घ्यावा. मात्र तज्ज्ञाची पारख करताना पदव्यांपेक्षा तीन प्रश्न अधिक उपयोगी पडतात. आपण पूर्वी आधीच लिहून ठेवलेले अंदाज कोणते आणि प्रत्यक्षात काय घडले? ‘गेल्या वर्षीइतकेच रुग्ण येतील’ या साध्या ठोकताळ्यापेक्षा आपली पद्धत किती सरस आहे? आणि चूक किती होऊ शकते?

या संदर्भात आपल्या मान्सूनचे उदाहरण बोलके आहे. डॉ. वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेले सोळा घटकांचे प्रारूप हवामान खात्याने १९८८ पासून वापरले. २००२ साली सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज होता. प्रत्यक्षात ८१ टक्केच झाला. अंदाज आकड्यांत जाहीर केलेला असल्यामुळेच चूक मोजता आली आणि २००३ मध्ये खात्याने नवी प्रारूपे स्वीकारली. ‘पाऊस बरा होईल’ एवढेच म्हटले असते, तर कोणीच काही शिकले नसते.

आपण डॉक्टरही रोज अंदाज देतोच. शिकागो येथील ख्रिस्ताकिस व लॅमाँट यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मरणासन्न रुग्णांच्या उरलेल्या आयुष्याचा डॉक्टरांचा अंदाज सरासरीने पाचपटींहून अधिक आशावादी आढळला. मलाही हा अनुभव आहे. एका रुग्णाच्या मुलाने विचारले होते, ‘‘डॉक्टरसाहेब, खरं सांगा, बाबांना गावी नंदुरबारला नेऊ का?’’ धीर देण्यासाठी मी म्हणालो, ‘‘काही होणार नाही.’’ चौथ्या दिवशी वडील गेले; भावंडांची भेट राहूनच गेली.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. तीत रुग्णाविषयीचा अंदाज टक्क्यांत लिहितो व पुढे ताडून पाहतो. ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये सुचविलेली रीत सोपी आहे. ७० टक्के शक्यता वर्तविली आणि तसे घडले, तर फरक ०.३; त्याचा वर्ग ०.०९. घडले नाही, तर फरक ०.७ आणि वर्ग ०.४९. या वर्गांची सरासरी जितकी कमी, तितका अंदाज विश्वासार्ह.

माझ्या समव्यावसायिक बंधुभगिनींना नम्र विनंती, की अशी वही आपणही ठेवावी. आणि समाजबांधवांनी आम्हाला निःसंकोच विचारावे, ‘‘शक्यता किती?’’ त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देणे हाही उपचाराचाच भाग आहे.