चौकट वाकडी दिसते? मोतीबिंदू समजून थांबू नका

"डॉक्टरसाहेब, आमच्या दाराची चौकट वाकडी झालीय. सुतार मात्र म्हणतो, सरळच आहे!" सत्तरी ओलांडलेल्या एका निवृत्त गुरुजींनी ही तक्रार सांगितली, तेव्हा सोबतचा मुलगा हसला. मला हसू आले नाही. उजव्या डोळ्याने त्यांना चौकट वाकडी दिसत होती. डाव्याने तर समोरच्याचा चेहराच दिसत नव्हता, कडेचे तेवढे दिसे. 'मोतीबिंदू आहे, पिकू द्या' म्हणत डाव्या डोळ्याचे त्यांनी वर्षभर दुर्लक्ष केले होते.

हा मोतीबिंदू नव्हता. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध पीतबिंदू नावाची लहानशी जागा असते. वाचणे, सुईत दोरा ओवणे, माणूस ओळखणे ही कामे तिच्यामुळे होतात. वयोमानाने ती झिजते. बहुतेकांत ही झीज 'कोरडी' असते व सावकाश वाढते. काहींच्या पडद्याखाली मात्र कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात व त्यांतून पाणी, रक्त झिरपते. हा 'ओला' प्रकार. यात थोड्या आठवड्यांतही नजर खालावते. तेथे वण पडला, की गेलेली नजर चष्म्याने परत येत नाही.

ओल्या प्रकारावर डोळ्यात इंजेक्शन देतात. या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाला ते औषध अडवते. रॅनिबिझुमॅब हे औषध २००६ साली अमेरिकेत या आजारासाठी मान्य झाले. बेव्हासिझुमॅब हे मूळचे कर्करोगाचे औषध. ते स्वस्त पडते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी तुलनेत दोहोंचा नजरेवरचा परिणाम सारखाच आढळला. खर्चाची अडचण असेल तर संकोच न करता डॉक्टरांना विचारा.

"डोळ्यात सुई?" गुरुजींना घाम फुटला. पण आधी थेंब घालून डोळा बधिर करतात, जंतुनाशकाने स्वच्छ करतात आणि बारीक सुईने पांढऱ्या भागातून औषध सोडतात. काम काही सेकंदांचे. नंतर थोडे खुपते, कधी लाल डाग पडतो. तो आपोआप जातो. मात्र पुढच्या काही दिवसांत दुखणे वाढले, डोळा लाल होत गेला किंवा नजर कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण तो घातक असतो.

गुरुजींना मी शहरातल्या पडद्याच्या तज्ज्ञांकडे पाठवले. महिन्याला एक अशी तीन इंजेक्शने झाली, चौकट सरळ दिसू लागली आणि गुरुजी तपासणीला जायचे थांबले! चार महिन्यांनी चौकट पुन्हा वाकली. इंजेक्शने पुन्हा सुरू केली. आता उजव्या डोळ्याने ते भिंग घेऊन हे वर्तमानपत्र वाचतात. डाव्या डोळ्याची मधली नजर मात्र आली नाही. हा आजार आटोक्यात ठेवायचा असतो. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने थांबायचे नसते.

पन्नाशीपुढच्या प्रत्येकाने घरी एवढे करावे. वाचायचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून, भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे चौकोन पाहावेत. रेघ वाकडी, तुटक किंवा मध्ये डाग दिसला, तर त्याच आठवड्यात पडदा तपासून घ्यावा. विडी-सिगारेट ओढत असाल तर सोडा. तिने हा धोका वाढतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून ही परीक्षा करू नका. चांगला डोळा वाईट डोळ्याचे दोष झाकतो. गुरुजींचे वर्ष असेच गेले.